शेणातून गॅस कमी निघतो, तरी टाकीला शेण का लागतं?

एक टन ताजं शेण बायोगॅसच्या टाकीत घातलं, तर त्यातून साधारण ४० घनमीटर गॅस निघतो. एक टन मक्याच्या मुरघासातून, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यातून, सुमारे २०० घनमीटर. आणि गव्हाचं वाळलेलं काड बारीक करून घातलं, कुजायला भरपूर वेळ दिला, तर टनामागे ३०० घनमीटरच्या आसपास. हे आकडे पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, की ‘गोबरगॅस, गोबरगॅस’ करत सगळे इतकी वर्षं शेणाच्या मागे कशाला लागले? थेट पीकच घालावं की!

घालणारे घालतातही. पण नुसत्या पिकावर चालवलेल्या टाक्या काही महिने झकास चालतात आणि मग कितीदा तरी सुस्तावतात, आंबतात. असं का होतं ते कळायचं, तर टाकीच्या आत कोण राहतं आणि काय खातं, तिथून सुरुवात करावी लागते.

त्याआधी आकड्यांतली एक लबाडी बाजूला काढू. ताज्या शेणात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वाळल्या काडात जेमतेम १० ते १५ टक्के. पाण्यातून गॅस निघत नाही. दोन्ही वाळवून तोललं की फरक पुष्कळ कमी होतो. तरी थोडा उरतोच, कारण शेण म्हणजे एकदा खाऊन झालेला चारा. गाईच्या कोठीपोटात जे घडतं तेच टाकीत घडतं. पचायला सोपं ते तिनं आधीच घेतलं, त्यातला काही गॅस ढेकरांवाटे सोडूनही दिला, आणि चिवट ते मागे टाकलं. आपण टाकीला वाढतो ते तिचं उष्टं.

हवा नसलेल्या जागेतली पंगत

१७७६ च्या नोव्हेंबरात अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानं माज्जोरे सरोवराच्या काठी दलदलीतला चिखल काठीनं ढवळला, वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेटतो हे पाहिलं. तोच मिथेन. चिखलाखाली हवा पोचत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

काडीकचऱ्याचा ढीग उघड्यावर कुजतो तेव्हा तो तापतो. हात घालवत नाही इतका तापतो. हवेतला ऑक्सिजन वापरून सूक्ष्मजीव कचऱ्यातली ऊर्जा मोकळी करतात, तिच्यावर भराभर वाढतात, आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. हवा बंद केली की हा मार्ग बंद. मग जे सूक्ष्मजीव उरतात त्यांना साखरेच्या एका कणातून फार थोडं मिळतं. साखरेतली ८५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा मिथेनमध्ये तशीच बांधलेली राहते. आपण शेगडीत किंवा इंजिनात जाळतो ती हीच. म्हणजे आपला फायदा होतो तो टाकीतले कामगार अर्धपोटी राबतात म्हणून. याचे दोन परिणाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. टाकी आपोआप तापत नाही, तिला बाहेरून ऊब द्यावी लागते. बहुतेक टाक्या ३५ ते ४० अंश सेल्सियसवर चालवतात, काही ५० ते ५५ वर. आणि अर्धपोटी राहणारे हे जीव फार हळू वाढतात.

काम चार टप्प्यांत होतं. पहिली फळी धाग्यांचे, पिठाचे, चरबीचे मोठे रेणू तोडून साखर, मेदाम्लं असले छोटे तुकडे करते. दुसरी फळी त्यांची आणखी साधी आम्लं करते. तिसरी त्या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि हायड्रोजन तयार करते. चौथी फळी यांचा मिथेन करते. पंगतीत एकाच्या पानातलं उष्टं हे दुसऱ्याचं जेवण, असा हा मामला.

चौथ्या फळीतले जीव तर जिवाणूही नाहीत. १९७७ मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांची अनुवंशिक मांडणी तपासली, तेव्हा ते सजीवसृष्टीच्या एका वेगळ्याच शाखेतले निघाले. त्या शाखेला पुढे आर्किया म्हणू लागले. ती शाखा सापडली ती या मिथेन करणाऱ्यांमुळेच.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या संसाराची आहे. अल्कोहोलपासून थेट मिथेन करणारा एक सूक्ष्मजीव शास्त्रज्ञांना अनेक वर्षं ठाऊक होता, त्याला ओमेलियान्स्की या संशोधकाचं नावही दिलं होतं. १९६७ मध्ये मार्व्हिन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की तो एक जीव नाहीच, दोन आहेत. एक अल्कोहोल फोडून हायड्रोजन सोडतो, दुसरा तो हायड्रोजन लगेच खाऊन मिथेन करतो. दोघांना वेगळं केलं की पहिल्याचं पोट लवकरच बिघडतं, कारण हायड्रोजन साचला की त्याला स्वतःचंच अन्न परवडत नाही. तिसऱ्या फळीतल्याच, प्रोपिऑनिक आम्ल खाणाऱ्या जीवांची अट तर आणखी कडक. त्यांच्याभोवतीचा हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याखाली हवा. नाहीतर काम बंद.

आता टाकी ‘आंबते’ म्हणजे काय ते सांगता येतं. समजा, एके दिवशी सडक्या फळांची गाडी आली आणि ती सगळी एकदम ओतली. साखरेवर ताव मारणारी दुसरी फळी काही तासांत दुप्पट होते आणि आम्लांचा पूर आणते. चौथ्या फळीतल्या काहींना दुप्पट व्हायला काही दिवस लागतात. आम्ल साचतं, हायड्रोजन साचतो, तिसरी फळी थांबते, सामू (pH) साडेसहाच्या खाली घसरू लागतो, आणि त्या सामूत मिथेन करणारे टिकत नाहीत. मग गॅस येतो तो पेटत नाही, कारण त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो.

यातला फसवा भाग असा, की सामू शेवटी हलतो. द्रावणात आम्ल शोषून घेणारा साठा असतो तोवर सामू ठीकच दिसतो, आणि साठा संपला की एकदम कोसळतो. जाणते चालक म्हणून नुसत्या सामूवर भिस्त ठेवत नाहीत. ते साचलेली आम्लं आणि ती पेलण्याची ताकद यांचं गुणोत्तर मोजतात. ते साधारण ०.३ च्या आसपास असेल तर बरं, चढायला लागलं की चारा कमी. टाकी पुरती आंबलीच, तर उपाय गाईचं पोट फुगल्यावर करतो तसाच: आधी खाणं बंद. मग थोडा चुना, दुसऱ्या चालत्या टाकीतला काला (म्हणजे कुजून झालेला पातळ लगदा), आणि वाट बघणं.

कोणत्या मालातून काय निघतं

साखर आणि पीठ झटपट पचतं. एक किलो पिठूळ पदार्थापासून तत्त्वतः ०.८ घनमीटर गॅस होतो, त्यात मिथेन निम्मा. चरबी आणि तेल सगळ्यांत घसघशीत: किलोमागे १.४ घनमीटरपर्यंत आणि त्यात मिथेन ७० टक्क्यांच्या जवळ. म्हणून तेलगिरण्यांचा गाळ आणि चरबीचा कचरा मिळवायला सगळे टपलेले असतात. पण जास्त झाला की त्यातली लांब साखळीची आम्लं सूक्ष्मजीवांच्या अंगावर चिकटून बसतात आणि त्यांना घुसमटवतात, शिवाय टाकीत वर साय धरते. चरबी चटणीसारखी, तोंडी लावण्यापुरती.

प्रथिनांतून नायट्रोजन येतो, त्याचा अमोनिया होतो. थोडा अमोनिया चांगला, तो आम्ल पेलतो. जास्त झाला की विषासारखा लागतो, आणि टाकी जितकी गरम व सामू जितका वर तितका जास्त लागतो. कोंबडखत गॅसला जोरदार, पण एकटं घातलं तर म्हणून जड जातं. कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण २० ते ३० ला १ असं असावं म्हणतात. काडात ते ८० च्या पुढेही जातं, कोंबडखतात दहाच्या आसपास. दोन्ही एकत्र केली तर एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

काडाची अडचण नायट्रोजनपुरती नाही. झाडाला उभं ठेवणारा लिग्निन हा पदार्थ हवेशिवाय जवळजवळ कुजतच नाही. जंगलात बुरशी तो फोडते, पण तिला ऑक्सिजन लागतो. लिग्निन स्वतः गॅस देत नाही तो नाहीच, वर आतल्या सेल्युलोजला, म्हणजे पचू शकणाऱ्या धाग्यांना, कुंपण घालून बसतो. म्हणून लाकूड, भुसा, फांद्या टाकीत घालण्यात अर्थ नाही. त्या जाळाव्यात किंवा त्यांचं खत करावं. काड घालायचं तर कुंपण मोडावं लागतं: बारीक कापणं, दळणं, अल्कलीत भिजवणं, किंवा १६० ते २२० अंशांच्या वाफेत दाबून एकदम दाब सोडणं, म्हणजे धागे आतून फुटतात. यातल्या प्रत्येकाला वीज किंवा उष्णता लागते. कागदावरच्या हिशेबात ‘काडातून इतका गॅस’ असं लिहिलेलं असतं, पण ते दळायला किती वीज गेली ते बरेचदा दुसऱ्या पानावर असतं. शिवाय काड तरंगतं. वर गादी धरली की खाली गॅस अडकतो आणि ढवळणी तुटते.

हिरवं पीक वर्षभर पुरवायचं तर त्याचा मुरघास करावा लागतो. हवाबंद दाबून ठेवलेल्या चाऱ्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं, सामू चारच्या जवळ येतो आणि माल टिकतो. इथे दाबण्यात आळस केला, हवा राहिली, तर माल तापतो, बुरशी धरतो. तो तापला म्हणजे आपला गॅसच तिथे उडून गेला.

प्रक्रिया उद्योगाचा कचरा हा माझ्या मते सगळ्यांत चांगला कच्चा माल. तो एका जागी जमलेला असतो, रोज येतो, ओला असतो आणि त्याची विल्हेवाट लावायची डोकेदुखी कुणाला तरी असतेच. फळांची सालं-चोथा, बटाट्याचं स्टार्चचं पाणी, दूध प्रक्रियेतली निवळी, दारूभट्टीचा चोथा, साखर कारखान्यातला प्रेसमड. (इथे शब्दांचा घोळ सांभाळा. ‘मळी’ म्हटलं की कुणी प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, समजतं, कुणी मोलॅसिस, म्हणजे साखर काढल्यावर उरलेला दाट पाक, आणि दोघांत गॅसच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.) प्रत्येकाची एक खोड असतेच. लिंबूवर्गीय सालींतलं तेल सूक्ष्मजीवांना मारक असतं, ते आधी काढावं लागतं. मोलॅसिसपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात सल्फेट भरपूर. सल्फेट खाणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांच्या ताटातलं पळवतात आणि वर हायड्रोजन सल्फाइड सोडतात.

अशा पातळ सांडपाण्याचा पेच एका डच संशोधकानं फार सुंदर सोडवला. पाणी पातळ असलं की टाकी प्रचंड लागते, आणि लहान टाकीतून पाणी भराभर सोडलं तर सावकाश वाढणारे जीव पाण्याबरोबर वाहून जातात. वागेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात गाट्झे लेट्टिंगा यांनी १९७० च्या दशकात साखरबीटच्या कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करताना पाहिलं, की पाणी खालून वर हळुवार सोडलं तर सूक्ष्मजीव आपापसांत चिकटून मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे गोळे बनवतात. गोळे जड, म्हणून खाली बसतात, पाणी वरून निघून जातं. महिन्याचं काम काही तासांत होऊ लागलं. लेट्टिंगांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही, आणि ती जगभर पसरली. आणखी एक सोय अशी, की हे गोळे काही महिने उपाशी राहूनही पुन्हा कामाला लागतात. वर्षातले मोजके महिने चालणाऱ्या कारखान्याला याहून सोयीचं काय?

पुन्हा शेणाकडे

सुरुवातीचा प्रश्न होता, की शेण कशाला. शेण गॅस कमी देतं, पण तीन गोष्टी आणतं ज्या पिकात नसतात. पहिली, स्वतः सूक्ष्मजीव, तेही रोज ताजे. दुसरी, आम्ल पेलण्याची ताकद. आणि तिसरी, धातू. चौथी फळी मिथेनचा शेवटचा टाका घालते तो एफ-४३० या रेणूच्या मदतीनं, आणि त्या रेणूच्या मध्यभागी निकेलचा अणू असतो. कोबाल्ट, मॉलिब्डेनम, सेलेनियमही थोडं थोडं लागतं. मक्यात हे नगण्य असतं. नुसत्या मक्यावर चालणाऱ्या टाकीत जुना साठा धुऊन जाईपर्यंत सगळं ठीक चालतं, आणि मग कारण न कळता आम्लं चढू लागतात. निकेल-कोबाल्टची चिमूट घातली की टाकी पुन्हा उभी राहते. किंवा शेण घालावं, ते गाईच्या खाद्यातून हे सगळं घेऊन आलेलंच असतं.

म्हणून जाणते लोक मिश्र चारा घालतात. शेण पाया, पीक किंवा कचरा त्यावर. डेन्मार्कनं हीच वाट धरली. शेतावरच्या जनावरांचं मलमूत्र आणि कारखान्यांचा कचरा एकत्र आणणारी सामायिक संयंत्रं तिथे १९८० च्या दशकापासून आहेत, आणि आज त्या देशाच्या गॅसवाहिन्यांतल्या गॅसपैकी एक तृतीयांशाहून जास्त बायोगॅसपासूनचा असतो.

पीक जाळायचं की खायचं

जर्मनीनं दुसरी वाट चालून पाहिली. २००४ मध्ये तिथल्या अक्षय ऊर्जा कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुद्दाम पिकवलेल्या मालापासूनच्या विजेला जादा दर मिळू लागला. संयंत्रं भराभर वाढली, आज ती नऊ हजारांच्या वर आहेत. मक्याचं क्षेत्रही तसंच वाढलं, इतकं की ‘फेरमाइसुंग’, म्हणजे मक्यानं मुलूख गिळणं, असा शब्दच तिथे रूढ झाला. जमिनीचे खंड चढले, एकच पीक पसरलं. २०१२ मध्ये नव्या संयंत्रांना मका आणि धान्य मिळून वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त घालायला मनाई झाली, आणि २०१४ च्या कायद्यानं नव्यांसाठी ती जादा रक्कमच काढून टाकली.

माझं मत जर्मनीचा हिशेब पाहून बनलेलं आहे. हेक्टरी ४५-५० टन हिरवा मका धरा. टनाला २०० घनमीटर म्हणजे नऊ-दहा हजार घनमीटर गॅस. घनमीटरमागे साधारण दोन युनिट वीज, म्हणजे वर्षाला वीसेक हजार युनिट. तेवढ्याच जमिनीवर, त्याच उन्हात, सौर पॅनेल सात-आठ लाख युनिट सहज देतात. तीस-चाळीस पट. गॅसची बाजू अशी, की तो साठवता येतो, रात्री वापरता येतो, अवजड वाहनात भरता येतो. ती बाजू खरी आहे. पण तेवढ्यासाठी चांगली जमीन अडवून पीक घ्यावं, हे मला पटत नाही. इटलीतल्या काही शेतकऱ्यांची रीत जास्त पटते. मुख्य पीक अन्नाचं किंवा चाऱ्याचं, आणि एरवी शेत मोकळं पडलं असतं त्या हंगामात गॅससाठी एक पीक. जमीन झाकलेली राहते, माती वाहत नाही.

गॅस निघाल्यावर

टाकीतून निघणाऱ्या गॅसमध्ये मिथेन ५० ते ६५ टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड. ६० टक्के मिथेनचा एक घनमीटर गॅस ०.६ लिटर डिझेलइतकी ऊर्जा देतो. इंजिनावर वीज केली तर ३५ ते ४० टक्के ऊर्जा विजेत जाते, बाकीची उष्णता. तिच्यातली थोडी टाकीला ऊब द्यायला लागते, उरलेली वाया घालवायची नसेल तर जवळच गिऱ्हाईक हवं. वाहनासाठी किंवा वाहिनीसाठी मिथेन ९५ टक्क्यांच्या वर न्यावा लागतो. त्याची एक सोपी रीत म्हणजे दाबाखाली पाण्यानं धुणं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिथेनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. तो इंजिन गंजवतो हा झाला यंत्राचा भाग. माणसाला तो मारतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. अनेक अपघातांत एक जण खड्ड्यात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेले दोघे-तिघेही जातात. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत किंवा काल्याच्या हौदात, हवा मोजल्याशिवाय आणि श्वासाचं यंत्र लावल्याशिवाय कुणीही उतरू नये, ओळखीचा माणूस आत पडला असला तरी. मिथेनचा धोका वेगळा आहे. हवेत तो ५ ते १५ टक्के असला की ठिणगीनं स्फोट होतो.

शेवटी काला. एक टन मुरघासातून २०० घनमीटर गॅस निघाला, तर त्याचं वजन २५० किलोच्या आसपास. म्हणजे पाऊण टन माल परत बाहेर येतो. शेणाच्या बाबतीत तर ९५ टक्के. हा काला कुठे ठेवणार, कोणाच्या शेतात, कोणत्या महिन्यात टाकणार, याचं उत्तर संयंत्र बांधण्याआधी हवं. गॅसमध्ये कार्बन जातो. नायट्रोजन, स्फुरद, पालाश काल्यात राहतात. त्यातला नायट्रोजन मोठ्या प्रमाणात अमोनियाच्या रूपात असतो, पिकाला तो लगेच लागू पडतो आणि उन्हात उघडा पसरला तर तितक्याच लगेच उडूनही जातो. जमिनीलगत सोडून मातीआड करावा.

आणि काल्यात गॅस होणं टाकीतून बाहेर आल्यावर थांबत नाही. साठवणीच्या हौदात तो आठवडेच्या आठवडे चालू राहतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून जास्त तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबानं सुमारे ८० पट, त्यामुळे थोडक्या टक्क्यांची गळतीही सगळं कमावलेलं घालवू शकते. हौदावर घट्ट आच्छादन असेल तर हा मागाहूनचा गॅसही गोळा होतो आणि कामी येतो. उघडा असेल तर तो निघून जातो, आणि जाताना कुणाला कळतही नाही, कारण मिथेनला रंग नसतो आणि वासही नसतो.